कोल्हापुरात बसून ड्राफ्टचा नाद कसा करायचा

भावांनो, ड्राफ्ट म्हणजे अमेरिकेतल्या लीगच्या टीमांनी नवीन पोरं वाटून घ्यायचा कार्यक्रम. सुरुवातीलाच एक क्लिअर करतो, घरात कुणी विचारलं "हे आयपीएलच्या ऑक्शनसारखंच हाय न्हवं?" तर सरळ नाही म्हणून सांगायचं. ऑक्शनला ज्याच्या पर्समध्ये पैसा त्याचा खेळाडू, ड्राफ्टला बोलीच नसते, नंबर असतो. गेल्या सीझनला ज्यानं सगळ्यात जास्त मार खाल्ला त्यानं आधी पोरगं उचलायचं. एनएफएलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगला, 32 टीम, सात राऊंड, तीन दिवस. बास्केटबॉलच्या एनबीएला 30 टीम आणि दोनच राऊंड, पण तिथं टीमा मुद्दाम हरायला लागल्या म्हणून वरचे नंबर लॉटरीनं काढतात, 2025 ला डॅलसला पहिल्या नंबरचा चान्स होता 1.8 टक्के आणि कूपर फ्लॅग, सगळ्यांना हवं होतं ते पोरगं, त्यांच्याच पदरात पडलं, अजून लोक संशयानं बघतात.

टीम निवडताना डोकं वापरा. आपल्याकडं तो प्रश्नच येत नाही, ज्या पेठेत जन्मलो तिथली तालीम, मग पाटाकडील (पीटीएम) असो नाहीतर दिलबहार, फुटबॉलला शाहू स्टेडियमवर त्यांच्याच नावानं बोंबलायचं. इथं मात्र चॉईस आहे, तर हरणारी टीम घ्या. चॅम्पियन घेतलीत तर पहाटे उठून पहिल्या राऊंडच्या शेवटापर्यंत जांभया देत बसाल. आणि हो, त्या टीमनं आपला पहिला पिक, म्हणजे निवडायचा नंबर, आधीच कुणाला देऊन टाकलाय का ते बघा, नाहीतर ऐन दिवशी कळतं की आपल्याला काम नाही.

टाइम पाठ करून ठेवा. एनएफएल ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो, पहिला राऊंड आपल्याकडं शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दुसरा-तिसरा शनिवारी साडेचारला, आणि चार ते सात शनिवारी रात्री साडेनऊपासून पार पहाटेपर्यंत. शुक्रवारची रजा आधीच टाका, कारण काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. उन्हाळ्यात लाईट जाते, मोबाईल फुल चार्ज पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं, सोशल मीडिया बंद, कारण स्टेजवर नाव पुकारायच्या आधी पत्रकार ते टाकून मोकळे होतात आणि त्यात आपला स्ट्रीम मागं असतो.

आता खरा नाद, वही. शंभरपानी घ्या, आडवी धरा, पोरगं, कॉलेज, पोझिशन, उंची, वजन, 40 यार्डाचा टाइम, "माझा राऊंड" आणि शेवटी एक रिकामा रकाना, "खरा राऊंड". 40 यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, हे सगळं दरवर्षी इंडियानापोलिसच्या कंबाईनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला मोजतात. 2024 ला झेवियर वर्दी 4.21 सेकंदात पळाला, रेकॉर्ड झालं, तरी गेला 28 व्या नंबरला. म्हणून आकड्यांवर जाऊ नका, तालमीतला वस्ताद पोरगं चालत येताना बघूनच काय ते ओळखतो तसं मॅचचे व्हिडिओ बघा, बॉल नसताना पोरगं काय करतंय ते बघा. हायलाइट्समध्ये सगळेच भारी दिसतात.

वहीच्या मागच्या पानावर जिमी जॉन्सनचा तक्ता उतरवून घ्या. 1990 च्या दशकात तो कोच असताना एनएफएलच्या डॅलस काउबॉयजनं प्रत्येक नंबरला पॉइंट लावले, पहिला 3000 चा, 16 वा 1000 चा, 32 वा 590 चा. म्हणजे पहिल्या नंबरच्या बदल्यात 16 व्यासारखे तीन द्यायला लागतात. आता टीमा नवीन हिशेब वापरतात, पण ट्रेड, म्हणजे नंबरांची अदलाबदल, झाला की दोन मिनिटात कोण फसलं ते सांगायला हा तक्ता बास आहे. गंमत म्हणजे एवढं गणित करूनही पुढं एनएफएलचा दिग्गज झालेला टॉम ब्रेडी 2000 साली 199 वा गेला, आणि पुढं एनबीएचा स्टार झालेल्या निकोला योकिचचं नाव 2014 ला 41 व्या नंबरला आलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. आपला सतनाम सिंग 2015 ला 52 वा, एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्सला, भारतात जन्मून एनबीए ड्राफ्टला निवडला गेलेला पहिला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं टीमांना ए, बी, सी ग्रेड वाटतात, ते वाचा पण मनावर घेऊ नका. वहीतल्या पोरांचं काय झालं ते तीन वर्षांनी बघायचं, तोवर पान फाडायचं नाही.

आणि सातवा राऊंड संपला म्हणून लगेच झोपू नका. 2022 ला अगदी शेवटचा, 262 वा गेलेला ब्रॉक पर्डी पुढं सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल खेळला, आणि पुढं तीच फायनल जिंकलेला कर्ट वॉर्नर तर ड्राफ्टच झाला नव्हता, मध्यंतरी किराणा दुकानात माल लावत होता. न निवडलेल्या पोरांशी टीमा करार करतात ते ड्राफ्ट संपल्यावरच, ती यादी रविवारी दुपारपर्यंत येत राहते. वहीतली उरलेली नावं तिच्याशी ताडून बघा, जेवण झाल्यावर बघितलं तरी चालतंय.