गेम डिझाइन शिकायला जायच्या आधीचं वर्ष

दर जूनमध्ये दोन-तीन पालक मुलांना घेऊन माझ्या घरी येतात. मी मूळची कराडची. गेली अकरा वर्षं पुण्यातल्या गेम स्टुडिओंत काम करते आहे, पहिली चार टेस्टिंगमध्ये आणि त्यानंतर लेव्हल डिझाइनमध्ये, म्हणजे खेळातले टप्पे आखण्यात. वडील विचारतात, "याला गेमिंगमध्ये जायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?" मी मुलाकडे बघून विचारते, "शेवटचं काय बनवलंस?" बहुतेक मुलं मग काय खेळतात ते सांगायला लागतात. कॉलेजचा प्रश्न त्यानंतरचा आहे. आधी एक वर्ष हातात आहे, आणि त्या वर्षात काय करायचं हे सांगायला मला एक दुपार पुरत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

सुरुवात चिंचोक्यांपासून कर. खरंच. चार चिंचोके घे, फरशीवर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घास. कागदावर पाच बाय पाच घरांचा चौकोन आख, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि केंद्रात फुली मार. कुठे याला अष्टाचंगा म्हणतात, कुठे चल्लस-आठ. आमच्या आजीकडे नुसतं "पट" म्हणायचे. जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं चालायचं, आणि चारही काळ्या पडल्या तर आठ. सोंगटी पटावर यायला चार किंवा आठच पडावे लागतात.

आता वही उघड. चार चिंचोके पडायच्या सोळा तऱ्हा. त्यातल्या एकात चार, एकात आठ. म्हणजे पटावर यायची संधी सोळात दोन, आठात एक. आठ वेळा टाकूनही साधारण तीन पोरांतलं एक पोर बाहेरच बसलेलं असतं. त्याने अजून खेळायलाच सुरुवात केलेली नाही आणि त्याला रडू यायला लागलंय. आजीला हा हिशेब मांडता येत नव्हता, पण पोरांचे चेहरे वाचता येत होते. ती म्हणायची, "लहानांना एक पडला तरी चालेल." एवढ्या एका वाक्याने संधी सोळात सहा झाली. आता आठ वेळा टाकून बाहेर राहणारं पोर शंभरात दोन-तीनच. मोठ्यांसाठी मात्र नियम तोच ठेवायचा, त्यामुळे काका-मामांनाही चुरस वाटायची. याला आमच्या धंद्यात बॅलन्सिंग म्हणतात, आणि आज मी स्टुडिओत पगार घेऊन जे करते त्यातलं बरंचसं हेच आहे. फक्त चिंचोक्यांच्या जागी एक्सेलची शीट असते.

एक गोष्ट लगेच करून बघ. वरचा हिशेब चिंचोके सरळ आहेत असं धरून केलाय. घासलेला चिंचोका तसा नसतो, तो एका बाजूवर जास्त पडतो. शंभर वेळा टाक आणि प्रत्येक वेळी काय पडलं ते लिही. मग तुझ्या चिंचोक्यांची खरी संधी किती ते काढ आणि पटाचा एकच नियम बदल. एका वेळी एकच. दोन नियम एकदम बदललेस तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. बदलायच्या आधी लिहून ठेव की तुला काय घडेल असं वाटतंय. खेळल्यावर खाली लिही की काय घडलं. अशी पाच पानं भरलीस की डिझायनरच्या कामाची चव कळेल, आणि आवडतं का तेही कळेल. नाही आवडलं तरी चांगलंच, कारण गेम बनवण्यात प्रोग्रॅमर, चित्रकार, ॲनिमेटर, ध्वनीवाले, टेस्टर, सगळं वेळेत होतंय ना ते बघणारे प्रोड्यूसर, अशी खूप माणसं लागतात. डिझायनरच्या जागा त्यात थोड्याच असतात.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कागदावरच राहा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे पत्ते छान होतात, जाड असतात. त्यातून स्वतःचा दहा मिनिटांत संपणारा खेळ बनव. तासाभराचा नको, कारण तो तू वीस वेळा खेळून बघणार नाहीस आणि दहा मिनिटांचा बघशील.

मग कॉम्प्युटर. इंजिन म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये खेळ बांधतात ते. कुठलं इंजिन, यावर मुलं महिनेच्या महिने वाद घालतात. माझं मत सरळ आहे: पहिल्या वर्षी गोडो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, एकच फाइल उतरवून चालू करता येतं आणि घरातल्या साध्या लॅपटॉपवर द्विमितीय खेळासाठी पुरतं. पुढे स्टुडिओत युनिटी किंवा अनरिअल लागेल. युनिटीसाठी सी शार्प, अनरिअलसाठी सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, आणि अनरिअलचे ब्लूप्रिंट, म्हणजे कोड न लिहिता ठोकळे जोडून नियम मांडायची सोय. पण दृश्य, टक्कर, इनपुट, अवस्था या कल्पना एकदा हातात बसल्या की इंजिन बदलायला काही आठवडे लागतात. अनरिअलसाठी आईवडिलांना महागडा लॅपटॉप मागू नकोस, अजून नको. त्रिमितीय वस्तू बनवायच्या असतील तर ब्लेंडर आहे, तेही फुकट.

पहिला खेळ किती मोठा? एक पडदा, एक क्रिया, हरायची एक तऱ्हा. उडी मारणारा बेडूक आणि खाली पाणी, बस. त्याला सुरुवातीचा पडदा हवा, आवाज हवा, हरल्यावर पुन्हा सुरू करायचं बटण हवं. मुलं उडी जमली की थांबतात आणि पुढचा खेळ सुरू करतात. बटण, आवाज, शेवटचा पडदा यात उडीपेक्षा जास्त दिवस जातात, आणि नेमकं तेच स्टुडिओत लागतं. पूर्ण झालेला खेळ इच डॉट आयओ या वेबसाइटवर टाक, म्हणजे कुणालाही ब्राउझरमध्ये खेळता येईल. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, २००९ पासून जगभर चालतो. थोड्या दिवसांत अनोळखी लोकांबरोबर एक खेळ पुरा करायचा. बारावीच्या परीक्षेमुळे त्या वर्षी जमणार नाही, म्हणून अकरावीतच कर.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

माझ्या अगदी पहिल्या खेळात एक विहीर होती. पायऱ्या उतरून खाली यायचं, उजवीकडच्या कोनाड्यातून पुढे जायचं. शेजारच्या सातवीतल्या मुलीला खेळायला बसवलं. ती खाली आली आणि डावीकडे गेली. तिथे भिंत होती. भिंतीवर उडी मारली, परत मारली, मागे येऊन पुन्हा मारली. चार मिनिटं. मी तिच्या मागे उभी होते. शेवटी मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, "अगं, उजवीकडे बघ ना." ती गेली, पुढचं सगळं खेळली आणि "छान आहे ताई" म्हणून घरी गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या वरिष्ठांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "खेळ बाजारात गेल्यावर तू प्रत्येकाच्या घरी जाऊन मागे उभी राहणार आहेस का?"

संध्याकाळी मी तो पडदा उघडून नुसता बघत बसले. डावीकडच्या भिंतीवर मी एक कंदील लावला होता. दिसायला सुंदर, म्हणून लावला होता. अंधाऱ्या विहिरीत उजेड तेवढाच होता, आणि माणूस उजेडाकडे जातो. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं, मीच तिला तिकडे बोलावलं होतं. कंदील उचलून कोनाड्यात ठेवला. पुढची तीन मुलं न थांबता उजवीकडे गेली. एक ओळही कोड बदलला नव्हता.

म्हणून हा नियम कर: तुझा खेळ दुसऱ्याला दे आणि तोंड बंद ठेव. हात मांडीखाली घेऊन बसलास तरी चालेल. मदत करायची नाही, नियम सांगायचे नाहीत, "अरे तिकडे" नाही. वहीत दोन गोष्टी लिही: कितव्या सेकंदाला तो थांबला, आणि थांबला तेव्हा त्याची नजर कुठे होती. खेळ संपल्यावर "आवडला का?" विचारू नकोस, आपली माणसं हो म्हणतात. "तुला काय करायचंय असं वाटलं होतं?" हे विचार. खेळणारे वेगवेगळे निवड: रोज खेळणारा मित्र, कधीच न खेळलेली मावशी, आठ वर्षांचं पोर, साठीचे आजोबा. दर खेळाला किमान पाच जण. मला विचारशील तर कॉलेजातही याहून मोठं काही शिकवत नाहीत, आणि ही वही घेऊन गेलेला मुलगा पहिल्या दिवसापासून पुढे असतो.

कॉलेजांचं आता थोडक्यात. बारावीनंतर डिझाइनची पदवी करायची असेल तर यूसीडची परीक्षा बघ. ती आयआयटी मुंबई घेते, कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. एक भाग कॉम्प्युटरवर आणि एक कागदावर हाताने चित्र काढायचा. तिच्याच पवईतल्या आयडीसी या डिझाइन विभागातली बी.डेस. ही पदवी यातूनच मिळते. ती फक्त गेमची पदवी नाही, पण विचार करायला पक्कं शिकवते. त्यासाठी रोज अर्धा तास समोरची वस्तू बघून काढ: कुकर, सायकलचं हँडल, एसटीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता. फोटोवरून नको. पदवीनंतर गेममध्येच एम.डेस. करायची असेल तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइन आहे, प्रवेश डॅट परीक्षेतून. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज २०२५ मध्ये सुरू झाली, तिथेही गेमिंगचे अभ्यासक्रम आहेत. हैदराबादला बॅकस्टेज पास ही खास गेमसाठीची संस्था आहे. अटी आणि तारखा दरवर्षी त्या त्या संस्थेच्या पत्रकात वाच, माझ्यासारखीच्या आठवणीवर जाऊ नकोस. प्रोग्रॅमर व्हायचं असेल तर जवळच्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बाजूने खेळ बनवत राहणं हाही पक्का रस्ता आहे. माझ्या टीममधले बरेच प्रोग्रॅमर तसेच आलेत.

खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी मात्र थांब. मी स्वतः एका संस्थेत एक वर्षाचा कोर्स केला. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरली होती. वर्षभर सॉफ्टवेअरची बटणं शिकवली आणि एकही खेळ पुरा झाला नाही. "शंभर टक्के नोकरी" म्हणून जे सांगितलं होतं, त्यात कॉल सेंटरची नोकरीही मोजलेली निघाली. त्यामुळे हे विचार: मागच्या बॅचचे खेळ मला आत्ता इथे खेळायला मिळतील का? शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठले खेळ बाजारात आणलेत? चित्रकार, प्रोग्रॅमर आणि डिझायनर मिळून किती खेळ पुरे करतात? आणि ऑफिसातून निघालास की बाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची मुलं गाठ. खरी उत्तरं तिथे मिळतील.

आता दोन शब्द आईवडिलांशी. तुमची भीती मला समजते, माझ्या घरातही तीच होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्या कंपन्यांतल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. मुलगा "गेमिंग कंपनी" म्हणेल तेव्हा ती कसले खेळ बनवते हे नक्की विचारा. बाकीचा उद्योगही चढउताराचा आहे, २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर मोठ्या स्टुडिओंनी माणसं कमी केली. तरी काम इथे आहे. यूबीसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे, सुमोचा आहे, सुपरगेमिंग पुण्याचीच. नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या छोट्या टीमने 'राजी' बनवला. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी २०२० मध्ये खेळ जगभर विकला गेला. मुलगा किती तास स्क्रीनसमोर बसतो यापेक्षा महिन्याअखेर त्याने काय पुरं केलं, हे बघा. आणि तो खेळ आणून देईल तेव्हा खेळा. अडाल तिथे अडा, त्याला तेच हवंय.

पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला ठेवलेलं तुझं काम, हा शेवटचा भाग, आणि इथे मुलं फार पसरतात. तीन पुरे खेळ बास. प्रत्येकाला एक पान: अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, खेळायची लिंक, त्यात तुझा वाटा नेमका काय, आणि खेळणाऱ्यांना बघून काय बदललंस. आधीचा आणि नंतरचा पडदा शेजारी शेजारी लाव. माझ्या विहिरीचे दोन फोटो मी अजून दाखवते. साठ पानांचं कल्पनांचं बाड कुणी वाचत नाही. मित्राने काढलेलं चित्र असेल तर त्याचं नाव लिही, हे आम्ही पडताळतो. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मी मराठी माध्यमातली आहे. पण रोज एक परिच्छेद लिहायची सवय लाव, कारण डिझायनरचा निम्मा दिवस दुसऱ्याला समजेल असं लिहिण्यात जातो. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सची शेकडो भाषणं यूट्यूबवर फुकट आहेत, आठवड्याला एक ऐक आणि थांबवून थांबवून टिपणं काढ.

पहिली नोकरी टेस्टिंगची मिळाली तर घे. चार वर्षं मी एकच दार हजारदा उघडलं, बग, म्हणजे खेळातली चूक, कशी लिहून कळवायची ते शिकले आणि चांगल्या डिझायनरांची चुकलेली पानं रोज जवळून बघितली.

माझ्याकडे यायचं असेल तर रविवारी सकाळी ये. लॅपटॉप नको. तुझा पट आण, वही आण, आणि तो खेळ कधीच न खेळलेलं कुणीतरी सोबत घेऊन ये.