वाळा लावताय? मग या चुका टाळा

दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हमखास विचारतं, "वाळा लावला होता, मेला. असं कसं?" वाळा सहजी मरत नाही. हे इथल्याच मातीतलं गवत. पुण्याचं एप्रिलचं ऊन सोसतं आणि पाणी साचलं तरी तग धरून राहतं. त्याला मारते ती आपली घाई. आपण वरची पाती बघून त्याला जोखतो आणि त्याची खरी वाढ चाललेली असते मातीखाली. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत.

ओळ चुकली की सगळं चुकलं

बावधनकडच्या एका सोसायटीच्या मागे मुरमाचा भराव आहे. पावसात चिखल थेट पार्किंगमध्ये यायचा. कमिटीने तिथे वाळा लावायचं ठरवलं, निर्णय उत्तम होता. पण काम घेतलेल्याने ओळी वरून खाली, उताराच्याच दिशेने मारल्या. दोन रोपांत दीड-दीड फूट अंतर ठेवलं, "पुढे पसरेल की" म्हणून. वाळा हरळीसारखा पसरत नाही. फुटवे जागच्या जागी येतात आणि ठोंब जाड होत जातो, एवढंच. जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी त्या ओळींमधूनच धावलं, हातभर खोल घळी पडल्या आणि कोवळी मुळं उघडी पडली. मग सगळ्यांनी दोष वाळ्याला दिला.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्या. एक टोक पहिल्या खुंटीपाशी धरा, दुसरं उतारावर वर-खाली सरकवत न्या. दोन्हीकडचं पाणी जमिनीपासून सारख्या उंचीवर आलं की तिथे दुसरी खुंटी ठोका. अशीच पुढे जात राहा. ही समपातळीची ओळ उतारावर नागमोडी दिसते, आणि ती सरळ करायचा मोह अनेकांना आवरत नाही. आवरा. रोपं १० ते १५ सेंटीमीटरवर लावा. रोपं कमी असतील तर चार विरळ ओळींपेक्षा एकच दाट ओळ लावा, माझा याबाबत हट्टच असतो. जी मरतील त्यांच्या नांग्या (रिकाम्या जागा) त्याच पावसात भरा, कारण पाणी नेमकं त्या भगदाडातून वाट काढतं. ओळ दाट झाली की वाहून आलेली माती तिच्यामागे साठते आणि उतार आपोआप पायरीसारखा होत जातो. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी वाळ्याचे असे बांध पिढ्यानपिढ्या राखत आले आहेत.

मंडईतली मुळी पेरणे

माठात टाकायला मिळते ती वाळलेली मुळी कुंडीत खोचून काही उगवत नाही. कोंब गड्ड्यातून, म्हणजे पाती आणि मुळं जुळतात त्या जाड भागातून, फुटतात. जिवंत ठोंब आणा, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पाती वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं ठेवा. लांब पाती "हिरवीगार दिसतात" म्हणून तशीच ठेवली तर मुळं धरायच्या आत रोप सुकतं.

ऑनलाइन बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नका. लागवडीचा वाळा ठोंबांवरूनच वाढवतात.

पात चुरून लिंबाचा वास आला तर तो गवती चहा. वाळ्याचा सुगंध मुळांमध्ये असतो.

आंब्याखाली, इमारतीच्या सावलीत लावू नका. ऊन नसेल तर ठोंब भरतच नाही.

डिसेंबर-जानेवारीत शेंडे पिवळे पडले की खतं ओतू नका. थंडीत त्याची वाढ मंदावते. गुडघ्याएवढा छाटा आणि थांबा.

मुळं बघायला उपटणे

याचा मला खरोखर राग येतो. सहा महिन्यांत "आली का मुळं?" म्हणून लोक ठोंब ओढतात. हातात पाती येतात, मुळं तुटून खालीच राहतात. मिळतात तीही पांढरी, बारीक आणि जवळपास बिनवासाची. तेल भरायला वेळ लागतो, म्हणून काढणी साधारण १५ ते १८ महिन्यांनी करतात. पक्व मुळी पिवळसर तपकिरी होते आणि ओली असतानाही तिचा वास बोटांना राहतो.

आणखी एक. माती धरायला लावलेल्या ओळीतून मुळं कधीच काढू नका. मुळं हवी असतील तर वेगळी सोय करा. मी उंच ड्रममध्ये किंवा खताच्या जाड गोणीत निम्मी वाळू, निम्मी माती घालून लावतो. खाली भोकं हवीत, आणि उंची निदान दोन-अडीच फूट, बुटक्या कुंडीत मुळं तळाशी गुंडाळली जातात. काढणी कोरड्या दिवसांत करा. गोणी उभी फाडायची, पाण्याचा पाइप लावून माती सोडवायची, मुळं गड्ड्यापासून चार बोटं सोडून कापायची आणि सावलीत वाळवायची. उरलेला गड्डा फोडून त्याच दिवशी नव्या गोणीत लावायचा. तो उघडा राहून सुकला तर पुन्हा विकतच्या ठोंबांपासून सुरुवात करावी लागते.