जुना पेंटियम एम लॅपटॉप लिनक्सवर चालू केला, माझा अनुभव

नागपूरच्या महाल भागात आमच्या मामांकडं 2003 चा पेंटियम एम (इंटेलचा जुना प्रोसेसर) वाला लॅपटॉप धूळ खात पडला होता, 512 एमबी रॅम, म्हटलं भाचीला टायपिंग शिकायला होईल. लुबुंटू (लिनक्सचा हलका प्रकार) 18.04 ची 32 बिटवाली सीडी टाकली तर काळ्या स्क्रीनवर मेसेज, या सीपीयूत पीएई नाही, बूट होणार नाही. पीएई म्हणजे 32 बिट प्रोसेसरला 4 जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरू देणारी सोय. आता गंमत अशी की त्या पहिल्या पेंटियम एममधे पीएई असतंच, फक्त चिप ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगत नाही, म्हणून कर्नल आधीच थांबतो. भर मे महिन्यात कूलरसमोर बसून दोन दुपारी गेल्या, मग उपाय सापडला. सीडीच्या मेनूत एफ6 दाबा, ऑप्शनची जी ओळ येते तिच्या शेवटी फोर्सपीएई (forcepae) लिहा, इंग्रजीत, सगळं स्मॉल आणि जोडून. ओळीतल्या डॅशच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, हे विसरू नका भाऊ, कारण डॅशनंतरचंच इन्स्टॉल झाल्यावर ग्रबमधे (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) टिकतं, मी पहिल्यांदा एकदाच लिहिलं आणि रिस्टार्टला पुन्हा तोच मेसेज. आता मस्त चालतो. फक्त या व्हर्जनचे अपडेट 2021 लाच बंद झाले, म्हणून बँकेचं काही त्यावर करू देत नाही, वायफायही बंदच ठेवलंय.