बॅरल जड की हलकी? ‘पॉइंट टू टू’ रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

परभणी-जालन्याहून संभाजीनगरला नेमबाजीसाठी येणारी पोरं एअर पिस्तुलावर वर्ष-दोन वर्षं घालवतात आणि ‘पॉइंट टू टू’कडे, म्हणजे 0.22 इंची गोळीच्या हत्याराकडे, वळली की हमखास विचारतात, “ताई, बॅरल जड बरी की हलकी?” हा प्रश्न मलाही पडला होता. तेव्हा मी नुसतं हातात उचलून बघून उत्तर ठरवलं, आणि तिथेच फसले.

सरांनी टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवल्या होत्या. दोन्ही स्मिथ अँड वेसनच्या, सहा इंची बॅरलच्या. जुन्या मॉडेल 17 ची बॅरल सडपातळ, वजन किलोहून थोडं जास्त. मॉडेल 617 च्या बॅरलखाली मात्र तोंडापर्यंत लग, म्हणजे पोलादाचा भरीव पट्टा, त्यामुळे वजन सव्वा किलोच्या घरात. 617 उचलली आणि हात सरळ केला, तर पुढची साइट (बॅरलच्या टोकावरची नेम धरायची खूण) जागच्या जागी थांबली. 17 ची साइट बारीक थरथरत होती. मी लगेच 617 निवडली. सर काहीच बोलले नाहीत.

सावकाश मारायच्या तीस गोळ्या छान गेल्या. पाच मिनिटांत पाच गोळ्या, मध्ये हात खाली, पुन्हा श्वास. तोंडाकडचं वजन तिथे खरंच मदत करतं. पण पुढच्या टप्प्यात हात पंचेचाळीस अंशांवर खाली धरायचा, टार्गेट समोर आलं की तीन सेकंदांत उचलून एकच गोळी मारायची. जड तोंड उशिरा हलायचं, एकदा हललं की थांबायचं नाही. साइट मध्यावरून वर निघून जायची, ती खाली आणता आणता ट्रिगर ओढला जायचा. त्या सराव सामन्यातल्या शेवटच्या दहा गोळ्यांचं टार्गेट मी जपून ठेवलंय. छिद्रं मध्याभोवती नाहीतच, वर आणि खाली दोन पुंजके आहेत.

दुसऱ्या दिवशी 17 घेतली. थरथर दिसायची, पण साइट माझ्या हाताबरोबर यायची आणि हात थांबला की थांबायची. थरथर दिसते म्हणून घाबरू नका. ती सगळ्यांच्या हाताला असते. जड बॅरल ती मंद करते, नाहीशी करत नाही.

लांबीचं गणित वेगळं आहे, ते मनगटावर नाही, पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या अंतरावर चालतं. सहा इंचीत हे अंतर साधारण 18 सेंटिमीटर, चार इंचीत 13. पुढची साइट 0.2 मिलिमीटर सरकली तर 25 मीटरवर सहा इंचीची गोळी 28 मिलिमीटर हुकते, चार इंचीची 38. सावकाश टप्प्याच्या टार्गेटवर मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या 25 मिलिमीटर. म्हणजे तीच चूक, पण एकीत गोळी दहाच्या काठाला लागते आणि दुसरीत सरळ नऊमध्ये जाते. टार्गेटसाठी सहा इंचीच घ्या, यात मला शंका नाही. त्याहून लांबीच्या मोहात मात्र पडू नका: आंतरराष्ट्रीय नियमात 25 मीटरसाठी बॅरल 153 मिलिमीटरपर्यंतच चालते आणि सहा इंच म्हणजे 152.4. वजनाची मर्यादा 1400 ग्रॅम, ट्रिगर ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे.

सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चक्र) आणि बॅरल यांच्यात फट असते, तिथून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. दुसरा हात लावायची सवय असेल तर बोटं तिथे चुकूनही नेऊ नका. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चाप ओढायचा सरावही डमी काडतूस घालूनच करा. ‘पॉइंट टू टू’ रिमफायर असते, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाच्या, कडेवर, आणि ती कड चेपली की काडतूस अडकायला लागतं. परवान्याशिवाय हत्यार घरी न्यायचं नाही, रेंजवरही सरांच्या नजरेसमोरच हाताळायचं. यात सूट मागूही नका.

घरी काय करायचं? एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, रिव्हॉल्व्हरच्या वजनाच्या जवळपास. हात सरळ, दहा सेकंद धरा, खाली घ्या, असं तीस वेळा. मी मे महिन्यात पहाटे पाचला गच्चीवर करायचे, कारण आपल्याकडे आठनंतर तळहाताला घाम सुटतो आणि पकड फसवते.

मग सरांना सांगून दोन्ही बॅरलवर तीस-तीस गोळ्या मारा. पहिल्या पाचांचं टार्गेट तिथेच राहू द्या, शेवटच्या पाचांचं घरी घेऊन या.