अकरावीचा कटऑफ वाचताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्या परळच्या सोसायटीतली दोन-तीन घरं तरी मला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म भरायला बोलावतात. चहा येतो, लॅपटॉप उघडतो आणि मुलीचे बाबा मोबाइलवर गेल्या वर्षीच्या कटऑफचा फोटो दाखवतात. "हिला 500 पैकी 452 आहेत. कॉमर्सला पोदार मिळेल ना?" घोळ इथूनच सुरू होतो.

कटऑफचा आकडा कुठलं कॉलेज आधीपासून ठरवून ठेवत नाही. त्या फेरीत, त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण म्हणजे कटऑफ. अर्ज करणारी मुलं बदलली की आकडा बदलला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाला लावणं. 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत 20 गुण काढले आणि निकाल 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, शिवाय लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, निकाल 95.30. 2021 मध्ये तर परीक्षाच रद्द, निकाल 99.95. कॉलेजं तीच, वर्ग तेच, पण 2019 चे 452 आणि 2021 चे 452 यांची किंमत एक कशी असेल? म्हणून आधी मुंबई विभागात यंदा नव्वद टक्क्यांवर किती मुलं आहेत ते पाहा आणि गेल्या वर्षीच्या संख्येशी ताडून बघा. संख्या बरीच वाढली असेल तर कटऑफ दोन-चार गुणांनी चढेल असं धरूनच चाला.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, भाच्याच्या वेळी. एका कॉलेजचा तिसऱ्या फेरीचा कटऑफ पाहून "इथे तर आरामात" म्हणालो. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. मागच्या वर्षी कोट्याच्या रिकाम्या राहिलेल्या जागा तिसऱ्या फेरीत आल्या होत्या आणि त्यामुळे आकडा खाली आला होता, हे नंतर कळलं. उलटंही होतं. प्रवेश रद्द झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या दोनच जागा उरल्या आणि त्यावर जास्त गुणांची मुलं टपून बसली असली की नंतरच्या फेरीचा कटऑफ वर जातो.

मग जागांचा हिशेब. जय हिंद, केसी, एचआर ही सिंधी भाषक, मिठीबाई आणि एनएम गुजराती भाषक, झेवियर्स ख्रिश्चन अल्पसंख्याक संस्थांची कॉलेजं. अशा ठिकाणी 50 टक्के जागा अल्पसंख्याक कोट्याच्या, 10 टक्के इनहाउस (म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी), 5 टक्के व्यवस्थापनाच्या. समजा एका शाखेला 120 जागा आहेत. त्यातून 60, 12 आणि 6 वजा करा. पहिल्या यादीसाठी उरल्या 42. माहितीपत्रकातला 120 चा आकडा पाहून हुरळून जाणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

एकाच कॉलेजचे अनुदानित आणि विनाअनुदानित असे वेगळे कोड असतात, त्यांचे कटऑफही वेगळे आणि फीही. कोड तपासूनच भरा.

पसंतीक्रमाबद्दल एक जुनी समजूत अजून जात नाही: "पहिल्या नंबरला टाकलं नाही तर कॉलेज घेत नाही." खोटं आहे. जागा गुणांवर मिळते, कॉलेज कुठल्या क्रमांकावर लिहिलं ते तिथे कोणी पाहत नाही. पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून "सेफ" कॉलेज वर लिहून खरं हवं ते खाली ढकलू नका.

आणि कटऑफ जास्त म्हणजे शिकवणं चांगलं, हेही डोक्यातून काढा. सायन्सला काही कॉलेजांना मागणी येते ती क्लासशी साटंलोटं आणि हजेरीची सूट यामुळे. काहींना येते स्टेशनजवळ असल्यामुळे. रोज लोकलला लोंबकळणाऱ्या मुलासाठी हे दुसरं कारण अजिबात हलकं नाही, पण त्याचा प्राध्यापकांशी संबंध नाही.

यादीत नाव आलं नाही तर पुढच्या फेरीआधी दोन गोष्टी बघा: आपण किती गुणांनी हुकलो आणि तिथे किती जागा उरल्यात. तीन गुणांनी हुकलो आणि वीस जागा असतील तर ते कॉलेज ठेवा. पंधरा गुणांनी हुकलो असू तर काढून टाका. पसंतीक्रम प्रत्येक फेरीआधी बदलता येतो.

त्या 452 वाल्या मुलीचे दहा पर्याय आम्ही असे भरले: वरचे तीन गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या कटऑफला तिच्या आवाक्याबाहेरचे, मधले चार आसपासचे, शेवटचे तीन दहा-पंधरा गुण खालचे. दहावं कॉलेज परळहून गाडी न बदलता जाता येईल असं. बाबांनी तोंड वाकडं केलं. तिने मात्र तेच आधी टाइप करायला लावलं, मैत्रीण तिथेच जाणार होती म्हणून.