हिवाळ्यात दिल्लीला जाताय? आधी वार बघा, मग तिकीट काढा

तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडा आणि तुमच्या सुट्टीत सोमवार कुठे येतोय ते बघा. बाकी सगळं नंतर. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, आधुनिक कलेचं संग्रहालय बंद, रेल्वे संग्रहालय बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद. सरोजिनी नगर आणि करोल बागचे बाजारसुद्धा सोमवारीच बंद. मागच्या जानेवारीत मी आईबाबांना घेऊन शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस गेले होते. एकच रजा टाकायची, म्हणजे काम भागलं, असा हिशेब होता. स्वेटर, औषधं, हॉटेल, सगळ्याची यादी केली होती. वार तेवढा बघितला नव्हता. आणि लाल किल्ला मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता, घाई नको म्हणून.

बाबांची सगळी सहल त्या किल्ल्यासाठीच होती. पानिपतावर हाती लागेल ते त्यांनी वाचलंय. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा पैशाची फार ओढाताण होती, आणि फौजेच्या खर्चासाठी किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं, म्हणजे खास दरबाराच्या दालनाचं, चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली गेली. ते छत जिथे होतं त्या जागेसमोर उभं राहायचं आणि वर बघायचं, एवढंच बाबांना हवं होतं. सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही लाहोरी दरवाजासमोर रिक्षातून उतरलो. तिकिटाची खिडकी बंद, वाटेवर लोखंडी अडथळे, आणि आमच्यासारखीच दोन-चार कुटुंबं एकमेकांकडे बघत उभी. बाबा थोडा वेळ त्या तांबड्या भिंतीकडे बघत राहिले. मग मफलर नीट करत म्हणाले, "बाहेरून तरी दिसला की." पुढे दिवसभर त्यांनी तो विषय काढला नाही. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

तर वार. मंगळवार ते शुक्रवार या दिवसांत जाता आलं तर उत्तम. रजा जास्त जातील, जाऊ द्या. शनिवार-रविवार-सोमवारच शक्य असेल तर लाल किल्ला शनिवारीच करा, आणि त्यासाठी शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोचा. शनिवारी सकाळी पोचून दुपारी किल्ला, असलं काही ठरवू नका, कारण मध्ये धुकं आहे. त्याबद्दल पुढे सांगते. रविवारही पूर्ण मोकळा धरू नका. चांदनी चौकातली आणि खारी बावलीच्या मसाला बाजारातली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. आम्ही नेमके रविवारी तिथे गेलो आणि आईने शटर मोजले. जुनी दिल्ली आणि लाल किल्ला एकमेकांसमोरच आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी करा. तो दिवस सोमवार नको, रविवारही नको.

मग सोमवारी करायचं काय? हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार, पुराना किल्ला, सफदरजंगचा मकबरा आणि जंतरमंतर रोज उघडी असतात. लोदी गार्डनला तर तिकीटही नाही. गुरुद्वारा बंगला साहिबही रोज उघडा असतो. म्हणजे सोमवार फुकट जायचं काहीच कारण नाही, फक्त या जागा सोमवारसाठी राखून ठेवायच्या. आम्ही त्यातल्या काही रविवारीच उरकल्या आणि सोमवारी बंद दारांपुढे फिरत बसलो. किल्ल्यावरून निघालो ते राष्ट्रीय संग्रहालयाकडे, तेही बंद. तिथे मोहेंजोदडोची नर्तिका आहे, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची. शाळेच्या पुस्तकात पाहिलेली ती मूर्ती प्रत्यक्षात वीतभरही नाही हे आईला दाखवायचं होतं. राहिलं.

दुसरी तारीख सांभाळा ती २६ जानेवारीची. संचलनाच्या तयारीमुळे त्याआधी बरेच दिवस कर्तव्य पथाच्या परिसरात रस्ते अधूनमधून बंद असतात, २३ तारखेला संपूर्ण रंगीत तालीम असते, २९ ला बीटिंग रिट्रीट, म्हणजे लष्करी बँडचा समारोप सोहळा. लाल किल्लाही या काळात काही दिवस पर्यटकांसाठी बंद ठेवतात, तेव्हा वार बरोबर असूनही दार बंद मिळेल. संचलनच बघायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. निवांत फिरायचं असेल तर जानेवारीचे शेवटचे दहा-बारा दिवस सोडून द्या.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे घ्या. सकाळी गारठा असतो, दुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि धुकं बरंच ओसरलेलं असतं. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा हा दाट धुक्याचा काळ. वारा पडलेला, रात्री आभाळ निरभ्र, जमीन गार पडलेली आणि हवेत ओल, की पहाटे समोरचा माणूस दिसत नाही. उत्तरेकडच्या गाड्या तेव्हा तासन् तास उशिरा धावतात. आमची गाडी सात तास उशिरा पोचली आणि शनिवार संपला. विमानाचंही तसंच. दिल्लीच्या विमानतळावर दाट धुक्यात उतरायची यंत्रणा आहे, पण विमान आणि वैमानिक दोन्ही त्या पात्रतेचे लागतात, आणि निघणाऱ्या विमानालाही ठरावीक दृश्यमानता लागतेच. म्हणून पहाटेचं विमान घेऊ नका, दुपारचं घ्या. पोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नका. परतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. धुक्याने अर्धा दिवस खाल्ला आणि उरलेला दिवस सोमवार निघाला, तर हातात काय राहतं ते मी पाहिलंय.

हवेचं प्रदूषण हा काही बाऊ नाही. दम्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी टाळाच, आणि इतरांनीही एन-९५ मास्क न्यावेत. साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही.

हॉटेल निवडताना मेट्रो स्टेशन किती जवळ आहे ते बघा. राजीव चौकाच्या आसपास राहिलात तर पिवळ्या मार्गाने तिसरंच स्टेशन चांदनी चौक. जनपथवरून जांभळ्या मार्गाने थेट लाल किल्ला स्टेशनवर उतरता येतं. विमानतळाच्या टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेसने वीस-पंचवीस मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन. आणि गाडीने जाणाऱ्यांनो, तिकिटावर स्टेशन नीट वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनपर्यंतच जातात, नवी दिल्लीपर्यंत नाही. हॉटेलला फोन करून दोन प्रश्न विचारा: खोलीत हीटर मिळेल का, आणि गीझर दिवसभर चालतो का. जानेवारीत रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, आणि तिथली घरं काय, हॉटेलं काय, उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली. फरशी बर्फासारखी लागते. हीटर सांगितल्यावरच मिळतो, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात. हे आधी विचारलंत तर रात्री दहाला काउंटरवर वाद घालावा लागणार नाही.

दिवसाला दोन जागा. तिसरी नाही. डिसेंबर-जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि हुमायूनच्या मकबऱ्यासारख्या जागा सूर्यास्ताला बंद होतात. सकाळी नऊच्या आधी धुक्यात बघण्यासारखं काही नसतं. मधल्या उन्हात जे बसेल तेवढंच. एक दिवस हुमायूनचा मकबरा आणि शेजारची 'सुंदर नर्सरी' नावाची बाग. मकबरा १५७० च्या आसपास पुरा झाला, ताजमहालाच्या कितीतरी आधी, आणि ताजच्या मांडणीचं मूळ तिथे दिसतं. आत शिरल्यावर उजव्या हाताला ईसा खानाचा अष्टकोनी मकबरा आहे, तो १५४७ चा, हुमायूनच्या मकबऱ्याहूनही जुना. लोक घाईत तो टाळून पुढे जातात. जाऊ नका. नंतर नर्सरीत चादर पसरा, शेंगदाणे आणि गजक घ्या, तास-दोन तास उन्हात पडा. आमच्या तीन दिवसांतले तेच दोन तास आई अजून आठवते.

जुन्या दिल्लीच्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि आधी दौलत की चाट खा. रात्री दूध गार ठेवून घुसळतात, वर आलेला फेस गोळा करतात, त्यावर खवा, साखर, केशर. चमचा तोंडात घातला की काही उरतच नाही, नुसती गोड गार चव. उन्हाळ्यात तो फेस टिकत नाही, म्हणून हा पदार्थ फक्त थंडीतला, आणि दुपारपर्यंत संपतो. चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी आणि ऑटो सोडत नाहीत. वयस्कर माणसं असतील तर सायकलरिक्षा करा, पैसे बसण्याआधी ठरवा. मग किल्ला. हातात तीन तास ठेवा, कारण लाहोरी दरवाजापासून छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-इ-आम ओलांडून अगदी मागे यमुनेच्या बाजूला दिवाण-इ-खास आहे, आणि हे सगळं पायी. आज तिथे दिसतं ते नंतरचं लाकडी छत. तरी बघा. १७८८ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेने हा किल्ला रोहिला सरदार गुलाम कादिरकडून सोडवला, आणि १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता. आपल्यापैकी कोणी तिथे गेलं तर हे डोक्यात ठेवून जावं असं मला मनापासून वाटतं. आणि पुन्हा सांगते, सोमवार सोडून.

कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर उंच. आत चढायला १९८१ च्या दुर्घटनेपासून बंदी आहे, मुलांना आधीच सांगा. त्याच नावाचं मेट्रो स्टेशन मिनारापासून बरंच लांब आहे, तिथून ऑटो लागते.

मोजे. प्रत्येकी चार जोड, त्यातले दोन लोकरीचे. जामा मशिदीत, निजामुद्दीन दर्ग्यात, गुरुद्वारात चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात आणि दगड पायाला चावतो. बंगला साहिबच्या दारात पाय धुवायला पाण्याचा उथळ चर आहे, त्यातूनच आत जायचं असतं. पिशवीत छोटा टॉवेल आणि कोरडे मोजे ठेवले नाहीत तर पुढचा तासभर पाय बधिर. डोक्याला रुमाल हवा, तिथेही मिळतो. लंगरमध्ये गरम जेवण मिळेल, बसून खा.

कपड्यांचं फार सांगत नाही. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर विंडचीटर. दुपारी दोन थर काढता येतात. कानटोपी, व्हॅसलीन, थर्मास. औषधं नेहमीची. आधार कार्ड मूळ प्रत. स्मारकांची तिकिटं पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री काढा, १५ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक स्मारकांत तिकीट नाही.

आग्र्याचा मोह नको. तीन दिवसांत तो बसत नाही, आणि ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणजे परत वारांचंच गणित.

परतीला दुपारनंतरची गाडी किंवा विमान. निघण्याआधी उशीर तपासा. डबा बरोबर घ्या.

सगळं ठरलं की बुकिंगच्या कागदावर प्रत्येक दिवसापुढे तारखेबरोबर वारही लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो कागद वाचायला द्या. लाल किल्ल्यापुढे कुठला वार लिहिलाय ते त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. आम्ही येत्या फेब्रुवारीत परत जातोय. मंगळवारी पोचणार, किल्ला बुधवारी. तो कागद या वेळी बाबांनीच लिहिलाय.