पोर्तुगीज वाचता येते, पण ऐकून समजत नाही

मराठी माणूस पोर्तुगीज भाषेकडे बहुधा तीन कारणांनी वळतो. कोणाला मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज साधने मुळातून वाचायची असतात, कोणाच्या घरी गोव्यातील जमिनीचे जुने दस्तऐवज पडून असतात, तर कोणाला ब्राझील किंवा मोझांबिकशी व्यवहार असलेल्या कंपनीत काम हवे असते. मी पहिल्या कारणाने आले. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्याचे शाळेपासून ठाऊक होते. पण पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवर इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यातील कागदांवरून केलेले काम हाती आले, तेव्हा आपल्याच इतिहासाची दुसरी बाजू या भाषेत लिहून ठेवलेली आहे हे प्रथमच जाणवले, आणि ती ओढ आजतागायत कमी झालेली नाही.

वाचन लवकर जमते. इंग्रजीतून ओळखीचे झालेले लॅटिन वळणाचे शब्द पानोपानी भेटतात आणि काही महिन्यांतच वर्तमानपत्रातील बातमी शब्दकोशाच्या आधाराने उलगडू लागते. जुने कागद वाचणाऱ्यांना १९११ च्या लेखनसुधारणेपूर्वीचे शुद्धलेखन थोडा त्रास देते, परंतु तेही सवयीचे होते. खरा धोका या सहजतेतच आहे. वाचता येते म्हणजे भाषा येते, असे मन धरून चालते आणि कान मागे राहतात. याच जागी माझा बराच काळ गेला, म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

पोर्तुगालच्या बोलण्यात ज्या स्वरावर आघात नसतो, तो आखडतो किंवा पूर्णपणे गिळला जातो. अक्षरांवरून आपण 'तेलेफोने' असे वाचू, तो शब्द लिस्बनच्या तोंडी 'त्ल्फॉन' असा ऐकू येतो. 'पेकेनो'चे 'प्केनु' होते आणि 'एस्तार'चे 'श्तार'. असे शब्द एकमेकांना चिकटून वेगाने आले की, कागदावर सहज कळणारे वाक्य कानाला पूर्णपणे अनोळखी वाटते. ब्राझीलमध्ये स्वर बरेच मोकळे राहतात, मात्र तेथे व्यंजने बदलतात: 'नोइते'चे 'नोइची' होते, 'दिया'चे 'जिया'. बहुतेक लोकप्रिय ॲप ब्राझिली उच्चार शिकवतात आणि गोव्यातील वर्ग प्रामुख्याने पोर्तुगालचे, त्यामुळे दोन्ही एकदम सुरू करणारा विद्यार्थी गोंधळतो. आपल्याला कोणाशी बोलायचे आहे हे ठरवून पहिल्या दिवसापासून एकच उच्चारपद्धती धरावी; दुसरी नंतर समजू लागते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण ही खोड आपल्याही जिभेला आहे. आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो, 'बोलताना' लिहितो आणि 'बोल्ताना' म्हणतो. स्वर गाळणे आपल्याला परके नाही, फक्त ते कुठे गळतात हे कानाला शिकवावे लागते. ज्यांच्या घरी मालवणी किंवा कोकणी बोलली जाते, त्यांना अनुनासिक स्वरही तुलनेने सहज साधतात. यासाठी मला एकच उपाय उपयोगी पडला. मिनिटभराचे ध्वनिमुद्रण लिखित मजकूर न पाहता ऐकावे, जे ऐकू आले ते वहीत लिहावे आणि त्यानंतरच मूळ मजकुराशी ताडून पाहावे. पोर्तुगालच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या, म्हणजे आरटीपीच्या बातम्यांपासून सुरुवात करावी आणि वेग झेपू लागल्यावर रस्त्यावरच्या मुलाखतींकडे जावे. चित्रपट पाहताना इंग्रजी उपशीर्षके ठेवू नयेत. डोळे कामाला लागले की कान काम थांबवतात.

जवळच्या वाटांबद्दल माझे मत कडक आहे. पाव, बटाटा, चावी, लिलाव अशा शब्दांच्या याद्या नवशिक्याला आनंद देतात, पण त्यांच्या बळावर कोणाशी दोन वाक्येही बोलता येत नाहीत. 'आधी स्पॅनिश शिका, मग पोर्तुगीज आपोआप येईल' हा सल्ला तर मुळीच मानू नये. स्पॅनिशचे पाच स्वर स्वच्छ असतात आणि त्यांची सवय झालेला कान लिस्बनमध्ये अधिकच अडखळतो. १९६१ पूर्वी गोव्याच्या लिसेउमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या माध्यमिक शाळेत शिकलेल्या एखाद्या ज्येष्ठांकडून शिकण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये. त्यांचे व्याकरण आणि अदब आता दुर्मीळ झाली आहे. तरीही ते आपल्यासाठी सावकाश आणि सुस्पष्ट बोलतात हे लक्षात ठेवून रस्त्यावरची बोली स्वतंत्रपणे ऐकत राहावी.

संस्कृतीचा पहिला अनुभव बहुधा संबोधनात येतो. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत कोणालाही 'व्होसे' म्हटलेले चालते. पोर्तुगालमध्ये तोच शब्द अनोळखी किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीला खटकू शकतो. तेथे मित्राला 'तु' म्हणतात, तर मान द्यायचा असल्यास 'ओ सेन्योर', 'अ सेन्योरा', किंवा पद जोडून 'सेन्योरा प्रुफसोरा' असे म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी ठेवतात. 'आपण' आणि 'तुम्ही' यांतील अंतर जपणाऱ्या मराठी माणसाला ही रीत लवकर आपलीशी वाटते.

शिकण्याची सोय पणजीतील कामोंइश या पोर्तुगाल सरकारच्या भाषासंस्थेच्या केंद्रात आणि गोवा विद्यापीठात आहे, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे. नोकऱ्या मोजक्या आहेत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. ब्राझीलच्या औषध नियामक संस्थेकडे जाणारी कागदपत्रे, गोव्यातील जुन्या दस्तऐवजांची भाषांतरे आणि अध्यापन ही प्रमुख क्षेत्रे. यांत टिकतो तो भाषेबरोबर कायदा, औषधनिर्माण किंवा इतिहास असा दुसरा विषय जाणणारा माणूस.

परीक्षा निवडतानाही उद्देशच पाहावा. पोर्तुगालसाठी लिस्बन विद्यापीठाशी संलग्न परीक्षा पातळीनुसार वेगवेगळ्या असतात आणि त्यांतील सिप्ले ही ए२, म्हणजे प्राथमिक पातळीची असते. ब्राझीलच्या सेल्पे-ब्रास या अधिकृत परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते व गुणांवरून पातळी ठरते. तिच्यात चित्रफीत पाहून आणि ध्वनिफीत ऐकून लेखन करावे लागते. दोन्हीकडे श्रवणाला सुट्टी नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी नमुना ध्वनिफीत एकदा मजकुराविना ऐकावी, आणि निम्म्याहून अधिक भाग निसटत असेल तर पुढच्या सत्रापर्यंत थांबावे.